स्फोटकांचे धुवण आणि लोखंडाचा कीस

पुण्याच्या सदाशिव पेठेतील हौद हे आज केवळ पत्ता सांगण्याच्या कामी येणारे नाव होऊन राहिले आहे. ज्या काळी तो भरलेला असे, त्या काळी पेठेतील घरोघरच्या घागरी तेथे बुडत. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी बांधीव नळातून शहरात खेळविण्यात आले. पुढे नाना फडणवीसांनी पाण्याची आणखी सोय केली, आणि सदाशिव पेठेच्या हौदाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. नळाच्या वाटेवर जागोजाग उच्छ्वास ठेवलेले असत. पाणी तेथे थोडे विसावे, गाळ तळाशी बसे आणि वरचे नितळ पाणी पुढे जाई. घरी आल्यावरही गढूळपणा उरलाच तर तुरटी फिरवावी, निवळीचे बी उगाळून घालावे आणि तांब्याच्या हंड्यात पाणी रात्रभर ठेवावे, एवढे शास्त्र पेठेतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. हे शास्त्र सोपे होते आणि त्याच्या मर्यादेत खरेही होते. मात्र त्याच्या मुळाशी एक गृहीत होते. ते असे की, वाईट पाणी डोळ्यांना दिसते.

ह्या गृहीतास पहिला तडा रोगजंतूंच्या शोधाने गेला आणि दुसरा रसायनांच्या कारखान्यांनी दिला. ट्रायनायट्रोटोल्युईन, म्हणजे ज्यास सर्वत्र टी.एन.टी. म्हणतात ते स्फोटक, ज्या पाण्यात विरघळले आहे, ते पाणी कारखान्याच्या मोरीतून बाहेर पडते तेव्हा स्वच्छ दिसते. त्यात तुरटी फिरविली तर काही साका बसत नाही, कारण बसण्यासारखे त्यात काही तरंगतच नसते. उकळून उपयोग नाही, कापडाने गाळून उपयोग नाही. उन्हात काही काळ राहिले म्हणजे मात्र त्याचे रूप पालटते आणि ते गुलाबी होऊ लागते. स्फोटकांच्या धंद्यात ह्या पाण्यास सरळ ‘गुलाबी पाणी’ असेच म्हणतात. नाव गोड आहे, वस्तू तशी नाही.

पुण्याच्या माणसास ह्या वस्तूशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. पुण्याची ओळख विद्येचे माहेरघर म्हणून सांगितली जाते. ते दारूगोळ्याचेही जुने घर आहे, हे कमी वेळा सांगितले जाते. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या माळावर पेशवाईचे भवितव्य ठरले. त्यानंतर त्याच खडकीस इंग्रजांची छावणी वसली, आणि 1869 साली तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसरे महायुद्ध चालू असता, 1940 साली, त्याच्या जोडीस उच्च स्फोटकांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. देशातील हे सारे सरकारी कारखाने 1 ऑक्टोबर 2021 पासून नव्या सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्य ठाणे पुण्यासच आहे. सदाशिव पेठेचा नळ मुठेवरच्या धरणाचे पाणी देतो आणि खडकी मुळेच्या काठी आहे, तेव्हा पेठेतील तांब्याचा खडकीच्या मोरीशी थेट संबंध येत नाही, हे खरे. पण संगमावर दोन्ही नद्या एक होतात, पुढे भीमेस मिळतात आणि उजनीच्या जलाशयावरून पंढरीस चंद्रभागा म्हणून वाहतात. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालचे गाव पिते, हा नदीचा नियम आहे. म्हणून स्फोटके जेथे होतात, तेथे त्यांच्या धुवणाचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या गावच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

पेशवाईतील अठरा कारखान्यांत दारूखाना हा एक होता. तोफखान्याचे अधिपत्य पानसे घराण्याकडे असे, हेही सर्वश्रुत आहे. त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांचे मिश्रण. ह्यांतील पाण्यात विरघळणारा पदार्थ एकच, तो सोरा. आणि सोऱ्याचे पाणी शेतात गेले तर पिकास ते खतच होते. त्या दारूखान्याचे धुवण गावास फारसे जाचत नव्हते, ते कारागिरांच्या पुण्याईने नव्हे. पदार्थच तसा होता. सोऱ्यात प्राणवायू असतो, कोळशात जळण असते, आणि दोन्ही एकमेकांशेजारी नुसती बसलेली असतात. पाणी पडले की त्यांची फारकत होते आणि दारू सादळते.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी जे केले ते ह्याहून मुळातच निराळे होते. त्यांनी प्राणवायू आणि जळण ही दोन्ही एकाच रेणूत गुंफली. बेन्झीन, टोल्युईन असले डांबरापासून निघणारे पदार्थ घ्यावयाचे, त्यांवर नत्राम्ल आणि गंधकाम्ल ह्यांच्या मिश्रणाची क्रिया करावयाची, म्हणजे रेणूच्या कड्यावर एक नत्र आणि दोन प्राणवायू असा गट जाऊन बसतो. ह्यास नायट्रो गट म्हणतात. टी.एन.टी.त असे तीन गट असतात. त्यांच्यामुळेच ते फुटते आणि त्यांच्यामुळेच ते पाण्यात गेल्यावर सहजी नासत नाही. जिवाणूंस एरवी बेन्झीनचे कडे फोडता येते. पण तीन नायट्रो गट लागलेले कडे म्हणजे कुलपे घातलेली पेटी होय. नदीतील साधे जिवाणू तिच्याभोवती घोटाळतात आणि फार तर एखादे कुलूप हलवून पाहतात.

आता ह्या कुलपाची किल्ली. ही किल्ली कुलपाइतकीच जुनी आहे, हा ह्या इतिहासातील सर्वांत मनोरंजक भाग होय.

1834 साली मिट्शरलिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने नायट्रोबेन्झीन तयार केले. 1842 साली रशियातील कझान येथे निकोलाय झिनीन ह्याने त्यावरचा नायट्रो गट पालटून ॲनिलीन हा पदार्थ मिळविला. नायट्रो गटातील प्राणवायू काढून घेऊन त्या जागी हायड्रोजन बसविण्याची ही क्रिया. तीस मराठीत क्षपण म्हणतात. झिनीनने त्यासाठी गंधकाचे एक संयुग वापरले होते. 1854 साली फ्रान्समध्ये आंत्वान बेशाँ ह्याने तेच काम साध्या लोखंडाच्या किसाने आणि थोड्या आम्लाने करून दाखविले. दोनच वर्षांनी, 1856 साली, लंडनमध्ये अठरा वर्षांच्या पर्किन ह्या विद्यार्थ्यास ॲनिलीनपासून जांभळा रंग सापडला. त्याने रंगाचा कारखाना काढला तेव्हा त्यास ॲनिलीन मणांनी हवे झाले, आणि ते मिळाले बेशाँच्या लोखंडाच्या किसामुळे. पर्किनची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आवडीने सांगितली जाते. राण्यांच्या पोशाखांना रंग चढला, हे त्यात असते. तो रंग ज्या काळ्या चिखलातून निघाला त्या लोखंडाचा उल्लेख क्वचितच असतो.

ह्या झिनीनचे आणखी एक नाते ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे तो पीटर्सबर्ग येथे राहावयास आला आणि तेथे त्याच्या शिष्यांत आल्फ्रेड नोबेल हा तरुण होता. इटलीतील सोब्रेरो ह्याने 1847 साली शोधलेल्या नायट्रोग्लिसरीनकडे नोबेलचे लक्ष झिनीननेच वेधले. नायट्रो गट कसा मोडावा हे ज्याने जगास प्रथम दाखविले, त्याच गुरूच्या हाताखाली नायट्रो गटावर अब्जावधींची संपत्ती मिळविणारा शिष्य तयार झाला. पुढील दीड शतकात शिष्याची विद्या जगभर गेली. गुरूची विद्या मात्र रंगाच्या कारखान्यांपुरती राहिली.

रंग आणि स्फोटक ही दोन्ही मुळात सख्खी भावंडे होत. पिक्रिक आम्ल हे प्रथम रेशमास पिवळा रंग देण्यासाठी वापरीत. ते तोफेच्या गोळ्यात भरता येते, हे फ्रान्सच्या त्युर्पॅ ह्याने 1885 साली सिद्ध केले. टी.एन.टी. 1863 साली विलब्रांट ह्याने शोधले, तेव्हा त्याच्याकडे स्फोटक म्हणून कोणी पाहिले नव्हते. जर्मन लष्कराने ते गोळ्यांत भरण्यास 1902 साली आरंभ केला. वितळवून ओतता येते, धक्का लागला तर चटकन उडत नाही, हे त्याचे गुण. दोष प्रथम कामगारांच्या अंगावर उमटले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांतून गोळे भरणाऱ्या बायकांची कातडी व केस पिवळे पडले. लोक त्यांना थट्टेने कॅनरी पक्षी म्हणू लागले. थट्टा फार दिवस टिकली नाही. हा पिवळेपणा काहींच्या बाबतीत यकृत नासल्याचे चिन्ह होता आणि त्या विषारी काविळीने शंभरांहून अधिक कामगार दगावले. 1916 साली हा रोग सरकारास कळविण्याजोग्या रोगांत घालण्यात आला. हातास लागलेल्या भुकटीची ही कथा. पाण्यात गेलेल्या भुकटीचा विचार त्या वेळी कोणी केला नाही.

स्फोटकांच्या कारखान्यात पाणी दोन प्रकारे बिघडते. टी.एन.टी. तयार झाल्यावर त्यातील नको असलेले भाईबंद काढून टाकण्यासाठी ते सोडियम सल्फाइटच्या पाण्याने धुतात. ते धुवण गडद तांबडे असते. त्यास ‘लाल पाणी’ म्हणतात. ते इतके घट्ट व इतके वाईट असते की आटवून जाळून टाकणे हाच त्याचा जुना रिवाज. दुसरे ते गुलाबी पाणी. गोळे भरणे, जुने गोळे रिकामे करणे, फरशा व भांडी धुणे ह्यांतून ते निघते. त्यात टी.एन.टी.बरोबर पुष्कळदा आर.डी.एक्स. असते. हा पदार्थ जर्मनीत हेनिंग ह्याने 1890 नंतरच्या दशकात औषधाच्या शोधात असता शोधला आणि दुसऱ्या महायुद्धात तो मणावारी होऊ लागला. आपल्या भागात भंडारा येथील सरकारी कारखाना ह्या जातीच्या स्फोटकांसाठी ओळखला जातो. आर.डी.एक्स.मध्ये बेन्झीनचे कडे नसते, म्हणून ते रंग दाखवीत नाही. त्याने बिघडलेले पाणी उन्हातही पांढरेच राहते.

मापे सांगितल्यावाचून ह्या गोष्टीचे गांभीर्य कळणार नाही. टी.एन.टी. पाण्यात फार विरघळत नाही. साध्या हवेच्या उष्णतेस लिटरमागे सुमारे 100 मिलिग्रॅम एवढेच. हे ऐकून कोणास हायसे वाटेल. परंतु अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जन्मभर पिण्याच्या पाण्यासाठी जे आरोग्यमान सुचविले आहे ते टी.एन.टी. आणि आर.डी.एक्स. दोहोंनाही लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम असे आहे. ह्या दोन आकड्यांत पन्नास हजारांचे अंतर आहे. एक लाख लिटर गुलाबी पाणी, म्हणजे दहा टँकर धरा, त्यात टी.एन.टी. असेल फक्त दहा किलो. एवढ्या पाण्यास नुसते पाणी मिसळूनच निर्दोष करावयाचे म्हटले तर 500 कोटी लिटर चांगले पाणी लागेल. खडकवासल्याच्या धरणात जे वापरण्याजोगे पाणी मावते त्याचा हा सुमारे अकरावा हिस्सा झाला. दहा किलोची भुकटी एक माणूस खांद्यावरून नेऊ शकतो. नदीत सोडले म्हणजे विरून जाते, ह्या जुन्या समजुतीस हे गणित पुरेसे उत्तर आहे.

इतकी वर्षे ह्यावर मुख्य उपाय होता कोळशाचा. नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळसा विशेष रीतीने भाजून सच्छिद्र करतात, आणि त्याच्या थरांतून पाणी सोडतात. कोळसा टी.एन.टी. चांगले धरून ठेवतो. अडचण अशी की, तो ते धरूनच ठेवतो, मोडत नाही. पाणी निर्मळ झाले. पण स्फोटकाने भरलेला कोळसा शिल्लक राहिला, आणि त्याचे काय करावयाचे हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाहून सोपा नाही. शत्रू मारला नाही, केवळ एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात हलविला, असा हा प्रकार होय.

बेशाँचा कीस हा असल्या पाण्यावरचा उपाय होऊ शकेल, हे सुचण्यास 1854 पासून जवळजवळ दीड शतक लागले. ह्यास कारण अज्ञान म्हणावे तर तसे नाही. नायट्रो गट लोखंडाने मोडतो, हे रंगाच्या धंद्यातील प्रत्येक मुकादमास ठाऊक होते. पण रंग करणारा त्या क्रियेकडे माल काढण्याची क्रिया म्हणून पाही. आणि स्फोटक करणाऱ्यास माल मोडण्याची विद्या शिकण्याचे प्रयोजनच वाटले नाही. एकाच शास्त्राच्या दोन खोल्या, मध्ये भिंत, आणि भिंतीस दार पाडण्याची गरज दोहोंपैकी कोणासही भासली नाही. सांडपाणी हा कोणाचाच विषय नव्हता.

दार पडले ते तिसऱ्याच बाजूने. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात 1980 नंतरच्या दशकात जमिनीखालच्या पाण्याचे नमुने घेण्याच्या नळ्यांची परीक्षा चालली होती. कोणत्या नळीत पाण्यातील दोष जसेच्या तसे राहतात, एवढेच पाहावयाचे होते. काही धातूंच्या नळ्यांत क्लोरीनयुक्त द्रव्ये आपोआप नाहीशी होतात, असे दिसून आले. नळी बिघडलेली आहे म्हणून ती टाकून देणे सोपे होते. पण गिलहॅम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्यातून उपाय काढला. लोखंडाच्या किसाची भिंत जमिनीत पुरावयाची आणि दूषित पाणी तिच्यातून झिरपू द्यावयाचे, ही कल्पना 1991 च्या सुमारास प्रत्यक्ष करून पाहण्यात आली. 1996 साली अग्रवाल आणि ट्रॅटनिक ह्या दोन अभ्यासकांनी नायट्रो द्रव्ये साध्या लोखंडाने पाण्यात कशी पालटतात ह्याचे पद्धतशीर मोजमाप प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी नेब्रास्का विद्यापीठातील हुंदल, कम्फर्ट, शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी.एन.टी. व आर.डी.एक्स. ह्यांनी बिघडलेल्या पाण्यावर व मातीवर लोखंड वापरून दाखविले. नेब्रास्कातील मीड येथे दुसऱ्या महायुद्धात बाँब भरण्याचा कारखाना होता. युद्ध संपून अर्धे शतक लोटले तरी तेथील माती आणि विहिरींचे पाणी ते युद्ध विसरले नव्हते. ह्या संशोधनात नावे कोठली कोठली आहेत हे पाहिले म्हणजे विद्येस देश नसतो ह्याची साक्ष पटते, आणि आपल्याकडचे हात परदेशच्या मातीसाठी राबले ह्याची हुरहुरही वाटते.

क्रिया काय होते ती आता पाहू. सदाशिव पेठेतील शाळांच्या प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या एक प्रयोग होत आला आहे. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकावयाचा. थोड्या वेळात खिळ्यावर तांब्याचा लाल मुलामा चढतो आणि पाण्याची निळाई ओसरते. लोखंड आपले विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सोडून पाण्यात जाते. ते विद्युत्कण घेऊन तांबे बाहेर येते. मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, कथील, तांबे अशी धातूंची उतरंड विद्यार्थ्यांकडून घोकून घेतात. जो वर तो अधिक उदार, म्हणजे विद्युत्कण देण्यास अधिक तयार. गुलाबी पाण्यात तांब्याच्या जागी नायट्रो गट येऊन हे विद्युत्कण घेतो. एक नायट्रो गट पुरता पालटण्यास सहा विद्युत्कण लागतात. टी.एन.टी.चे तीन गट म्हणजे अठरा. लोखंडाचा एक अणू दोन देतो असे धरले, तर टी.एन.टी.च्या एका रेणूस लोखंडाचे नऊ अणू पुरतात. वजनात सांगावयाचे तर एक ग्रॅम टी.एन.टी.स सुमारे सव्वादोन ग्रॅम लोखंड. वर ज्या एक लाख लिटर पाण्याचा हिशेब केला, त्यास हिशेबाने सुमारे बावीस किलो लोखंड हवे. प्रत्यक्षात ह्याच्या कितीतरी पट घालावे लागते, कारण लोखंडाचा पृष्ठभागच काय तो कामास येतो. तरीही एका बाजूस 500 कोटी लिटर पाणी आणि दुसऱ्या बाजूस काही पोती कीस, ही तुलना विचार करावयास लावणारी आहे.

हा कीस मिळावयासही कठीण नाही. कातीव कामाच्या प्रत्येक कारखान्यात लेथखाली बिडाचा चुरा पडतो. बिडाचे लोखंड ह्या कामी शुद्ध लोखंडाहून पुष्कळदा सरस ठरते, कारण त्यातील ग्राफाइटचे कण लोखंडाशी मिळून असंख्य सूक्ष्म विद्युत्घट बनवितात. पिंपरी, चिंचवड, भोसरी ह्या पट्ट्यात असा चुरा भंगारवाल्याकडे वजनावर जातो.

आता दोष. लोखंड गंजते. गंजाचा पापुद्रा एकदा बसला की आतले लोखंड जिवंत असूनही काम करीत नाही. थर घट्ट होतो आणि पाणी मध्येच अडते. आम्ल घातले तर पापुद्रा सुटतो, पण लोखंड वाजवीपेक्षा अधिक विरघळते. ह्यावर शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या युक्त्या योजल्या. लोखंडावर थोडे तांबे चढवावे. वर सांगितलेला खिळ्याचा प्रयोगच हा, पण येथे मुलामा चढलेला खिळा हेच औषध. दोन धातूंच्या स्पर्शाने विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे व्होल्टाने 1800 साली दाखविलेच होते. अमेरिकेतील स्टीव्हन्स संस्थेतील अभ्यासकांनी 2012 साली अशा लोह-ताम्र चुऱ्याने जुनी व नवी दोन्ही प्रकारची स्फोटके पाण्यातून मोडून दाखविली. मॅग्नेशियम उतरंडीत फार वर असल्याने झपाट्याने काम करते. पण ते स्वतः पाण्याशीच झगडून संपून जाते आणि महाग पडते. जस्त मध्यम, मात्र पाण्यात उतरलेले जस्त माशांस बाधते, म्हणून एक दोष काढताना दुसरा घालण्याची भीती. तांब्याचेही तसेच. लोखंडच अशा वेळी गरिबांचा आणि नदीचाही मित्र ठरते.

ह्याहून मोठी गोष्ट अशी की, लोखंडाने काम पुरे होत नाही. टी.एन.टी.चे तीन नायट्रो गट पालटून जो पदार्थ बनतो तो स्फोटक नव्हे हे खरे. पण तो निर्दोष पाणीही नव्हे. तो रंगाच्या कच्च्या मालाच्या जातीचा असतो, हवा लागताच काळवंडतो. आर.डी.एक्स. मोडले म्हणजे अमोनिया, फॉर्माल्डिहाइड असली द्रव्ये उरतात. म्हणजे लोखंडाने पेटीची कुलपे काढली. पेटी अजून फोडावयाची आहे. कित्येक जाहिरातवजा लेखांतून हे वाक्य गाळलेले असते, म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. गुलाबीपणा गेला, यंत्रावर टी.एन.टी. शून्य दिसले, एवढ्याने समाधान मानणारा अधिकारी सदाशिव पेठेच्या त्या तुरटीवाल्या गृहिणीहून फारसा पुढे गेलेला नाही.

पुढचे काम करण्याचे दोन मार्ग आहेत. एक जिवाणूंचा. कुलपे निघालेली पेटी त्यांस फोडता येते, म्हणून लोखंडाच्या टाकीनंतर जिवाणूंची टाकी ठेवतात. दुसरा मार्ग फेन्टनचा. ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1894 साली असे दाखविले की, विरघळलेले लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले म्हणजे सेंद्रिय द्रव्यांचे अत्यंत जोरदार भस्मीकरण होते. येथे एक सुरेख योग जुळतो. पहिल्या टाकीत लोखंड झिजून पाण्यात उतरलेलेच असते. तेच दुसऱ्या टाकीत फेन्टनच्या कामास येते. डेलावेअर विद्यापीठातील ओ, चिऊ आणि चा ह्यांनी 2003 साली ही जोडी टी.एन.टी. व आर.डी.एक्स. दोहोंवर तपासली, आणि लोखंडाची पूर्वक्रिया केलेले पाणी फेन्टनच्या उपायास अधिक चांगले वश होते असे आढळले. चीनमध्ये नव्या स्फोटकाच्या कारखान्याच्या पाण्यावर लोखंड, फेन्टन आणि जिवाणू अशा तिन्ही पायऱ्या लावून पाहण्यात आल्या आहेत.

पुण्यास ह्या विद्येची साधने कधीच उणी नव्हती. 3 जानेवारी 1950 रोजी पाषाणच्या वाटेवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे कृत्रिम रंगांच्या शास्त्रातील जगन्मान्य पंडित. त्यांचा रंगांवरील इंग्रजी ग्रंथ 1952 पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि देशोदेशींचे कारखानदार तो उशाशी ठेवीत. तेथून जवळच सुतारवाडीस स्फोटकांच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा आहे. 1960 साली तिचा पुण्यातील कारभार सुरू झाला आणि आज ती उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा ह्या नावाने चालते. रंगाच्या खोलीची आणि स्फोटकांच्या खोलीची गोष्ट वर आली आहे. पुण्यात ह्या दोन खोल्या एकाच टेकडीच्या कुशीत आहेत. कायद्याच्या बाबतीतही महाराष्ट्र मागे नव्हता. मध्यवर्ती सरकारचा जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा. महाराष्ट्राने आपला कायदा 1969 सालीच केला होता आणि 1970 च्या सप्टेंबरात प्रदूषण मंडळ स्थापिले होते.

असे असता आपल्याकडे लिहिलेले दारूगोळ्याचे इतिहास चाळले तर त्यांत तोफांची नावे, गोळ्यांची वजने आणि सरदारांच्या नेमणुका सापडतात. पाण्याचा उल्लेख आला तर तो खंदकातल्या पाण्याचा. सदाशिव पेठेतच 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तेथील दप्तरांनी महाराष्ट्रास इतिहासाची शिस्त लावली. त्या शिस्तीने कोणी तरुण अभ्यासकाने कारखान्यांच्या मोऱ्यांचाही इतिहास लिहावयास घ्यावा. किती पाणी घेतले, किती सोडले, त्यात काय होते आणि ते कोठे गेले, ही बखर एखाद्या लढाईच्या बखरीहून कमी महत्त्वाची ठरणार नाही.

ही निकड वाढण्यास एक नवे कारण झाले आहे. टी.एन.टी. व आर.डी.एक्स. ह्यांच्या जागी आता अशी स्फोटके येत आहेत की, जी आगीने वा गोळीच्या तडाख्याने अवचित उडत नाहीत. कोठारातील शिपाई आणि कारखान्यातील कामगार ह्यांच्या जिवास त्यामुळे मोठे संरक्षण मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु ह्यांपैकी एन.टी.ओ. नावाचा पदार्थ पाण्यात लिटरमागे सुमारे 16 ग्रॅम विरघळतो. टी.एन.टी. जेथे 100 मिलिग्रॅमवर थांबत होते, तेथे हा त्याच्या दीडशे पटींहून पुढे जातो. त्याचे पाणी गुलाबी होत नाही, पिवळसर दिसते. लोखंडाच्या किसाने त्यावरचा एकुलता एक नायट्रो गट निघतो, हे प्रयोगांनी दिसले आहे. पण इतक्या दाट पाण्यास लागणारा कीस, त्यातून निघणारा काळा चिखल आणि तो चिखल ठेवावयाची जागा, ह्या तिन्हींचे माप त्याच हिशेबाने वाढते. रंगाच्या कारखान्यांनी 1925 च्या सुमारास आपल्या अशाच चिखलापासून तांबडे, पिवळे व काळे रंगद्रव्य काढण्याची रीत बसविली आणि चिखल विकून पैसे केले. स्फोटकांच्या टाकीतला चिखल तसा बाजारात नेता येणार नाही. त्याच्या प्रत्येक पोत्याची आधी परीक्षा करावी लागेल, आणि ती परीक्षा होईपर्यंत तो पावसाच्या पाण्यापासून झाकून ठेवावा लागेल.